पाण्याच्या मागे होडी

आमच्या घरात होडी ढकलत नाहीत. पाणी येतं आणि तिला घेऊन जातं.

खरंच तसं आहे. जलाशय झाल्यापासून आजोबांनी तीन होड्या बांधल्या, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन. पाचही अशाच उतरल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोकळ्या उतारावर ओंडके मांडायचे, त्यावर होडी बांधायला घ्यायची. चार महिने ठोकाठोकी. मग पाणी भरायला लागतं, रोज थोडं थोडं वर सरकतं, आणि एक दिवस सकाळी जाऊन बघावं तर होडी आपली आपण डुलतेय. दोर धरायचा, झालं. अण्णांना याचा फार तोरा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "ढकलतात ती हातगाडी."

यंदाची सहावी. अठरा हात लांब. जुनी होडी गेल्या वर्षी तळातून कुजली आणि पलीकडच्या तीन गावांची ने-आण बंद पडली. लोक डोंगराला वळसा घालून टेम्पोतून दीड तास हाडं खिळखिळी करत यायचे. सगळे विचारायचे, होडी कधी? अण्णा म्हणायचे, पाणी आलं की.

मंगळवारी जलाशय कार्यालयाचा शिपाई सायकलवरून आला. अण्णा फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकत होते, मी मागून डांबर लावत होतो.

"अण्णा, धरणाच्या भिंतीचं काम निघालंय," शिपाई म्हणाला. "दरवाजे उघडलेत कालपासून. यंदा पाणी चढणार नाही, उतरणार."

अण्णांचा हातोडा थांबला. "आणि तपासणी?"

"ती सोमवारीच. दुपारी बारा. होडी पाण्यावर पाहिजे, बारा मोठी माणसं पलीकडे नेऊन परत आणायची. नाही जमलं तर परवाना दुसऱ्या अर्जाला."

दुसरा अर्ज कुणाचा ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मोटारवाल्याचा. त्याच्याकडे इंजिनाची फायबरची होडी आहे, गाडीच्या मागे जोडून आणतो. परवाना त्याला गेला तर अण्णा आणि मी, दोघं वीटभट्टीवर. मला भट्टीचं काही नाही. पण अण्णा साठीचे, आणि वल्ह्याशिवाय दुसरं काही त्यांनी आयुष्यात हातात धरलेलं नाही.

पाणी तेव्हा होडीपासून साठ पावलांवर होतं.

वहिनी म्हणाली, "मग आत्ताच ढकलू या की. साठ पावलं तर आहेत."

वहिनी म्हणजे मोठ्या भावाची बायको. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी. घरात खरं बोलायचं काम तिच्याकडे आहे.

अण्णांनी तिच्याकडे बघितलंच नाही. "दरवाजे उघडतात तसे बंदही करतात. पाणी येईल."

"कुठून येईल? ते चाललंय."

"येईल म्हणतो ना."

मी पुन्हा डांबर लावायला घेतलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. ढकलायचं कुणी? मीच.

तीन दिवस असेच घालवले. रोज सकाळी अण्णा पाण्याच्या काठाला एक काठी रोवायचे आणि दुसऱ्या सकाळी ती काठी कोरड्यात उभी असायची. पाणी उतरायचं वीतभरच, पण आमच्याकडचा उतार ताटासारखा सपाट. वीतभर पाणी गेलं की काठ तीस पावलं लांब. बुधवारी नव्वद, गुरुवारी एकशेवीस. अण्णा प्रत्येक काठीजवळ उभे राहून खाकरायचे, जसं काही पाण्याने ऐकून मागे वळावं.

शुक्रवारी सकाळी दीडशे झाली. अण्णा परत आले तर आई होडीखालचे जास्तीचे ओंडके एक एक करून पुढे मांडत होती. एकटीच. पदर खोचलेला.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"काही नाही. जागा झाडतेय."

अण्णांनी मांडलेले ओंडके मोजले. मग दोरखंड उचलला, माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाले, "भट्टीवरून माणसं बोलाव. आणि शेजारच्या वेल्डरला. कुणी विचारलं तर सांग, होडी जरा बाजूला घेतोय."

"जरा बाजूला" म्हणजे दीडशे पावलं.

भट्टीवरची आठ माणसं आली, वेल्डर आला, आम्ही घरचे चौघे. पुढून दोर, मागून खांदे. वहिनी आणि आई मागचा सुटलेला ओंडका उचलून पळत पुढे आणून टाकायच्या. पहिली चाळीस पावलं लोणी. वरची माती वाळून भेगाळलेली होती, ओंडके गडगडत गेले. वेल्डर तर शीळ घालायला लागला.

मग जमिनीचा रंग बदलला. वरून सुकी दिसत होती, आतून सगळा गाळ. एक ओंडका आत गेला, मग दुसरा. आम्ही जोर लावला तशी होडी पुढे न जाता खाली बसली, म्हैस बसते तशी, आधी पुढून आणि मग मागून.

"जोर लावा!" अण्णा ओरडले आणि स्वतः पुढे धावले. तिसऱ्या पावलाला त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. दुसरा पाय काढायला गेले तर तोही. मी आणि वेल्डरने काखेत हात घालून त्यांना उपसलं. पाय आले, चपला राहिल्या.

वर बांधावर मोटारवाला उभा होता. गाडी थांबवून खास बघायला आलेला.

"अण्णा," त्याने तोंडाला हात लावून हाक मारली, "रोपं लावताय का?"

भट्टीवरची माणसंही हसली. मला त्यांचा राग आला नाही, मलाही हसू आलं असतं. पण अण्णांच्या पिंडऱ्या चिखलाने काळ्या झाल्या होत्या, आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. अनवाणी घरी गेले. जेवले नाहीत.

दुपारभर वहिनी होडीवर ओली पोती टाकत बसली. उन्हाने फळ्या आखडत होत्या, सांधे उघडत होते. एका फटीतून तिने मला आपलं बोट दाखवलं, आतून बाहेर.

"भाऊजी, ही पाण्यात गेली तरी चाळणी आहे."

"आधी जाऊ तर दे."

"पोती ओली ठेवली की जड होते. सुकी ठेवली की फाटते. मामंजींचा स्वभाव उतरलाय हिच्यात."

शनिवारी पहाटे आई घरात नव्हती. पहारही नव्हती. मी शोधत खाली गेलो तर आमच्या होडीपासून डावीकडे, खूप लांब, ती गाळात चालताना दिसली. चालत होती, रुतत नव्हती. घोट्यापर्यंत जायचा पाय, बस. दोन पावलं टाकायची, पहार उचलून खाली मारायची. ठक्. पुन्हा दोन पावलं. ठक्.

"आई! काय करतेस?"

"ये इकडे. माझ्या पावलावर पाऊल ठेव, शहाणपणा करू नकोस."

मी तसा गेलो. पायाखाली वीतभर गाळ आणि त्याच्या खाली दगड. कडक.

"रस्ता आहे," आई म्हणाली. "खडीचा. आमच्या गावाला जायचा."

आईचं माहेर जलाशयात आहे हे मला माहीत होतं, जसं आपल्याला आपल्या आजोबांचं नाव माहीत असतं तसं. ती बारा वर्षांची असताना धरण भरलं. पण पाणी इतकं खाली कधी उतरलंच नव्हतं, त्यामुळे हा रस्ता कुणी बघितला नव्हता. आणि आताही दिसत नव्हताच. वर सगळीकडे सारखाच करडा गाळ.

"तुला कसं कळलं इथेच आहे?"

"सहा वर्षं या रस्त्याने शाळेत गेले. वर ती खाण दिसते ना? तिच्या खालून सुटायचा. तिथून पाय मोजत आले." तिने पहार मारली. या वेळी आवाज आला नाही, पहार हातभर आत गेली. "बघ, इथे संपला. एवढी रुंदी. समोरासमोर दोन बैलगाड्या जायच्या."

आम्ही दोन्ही कडांना काठ्या रोवत गेलो. थेट पाण्यापर्यंत. रस्ता पाण्यात शिरत होता तिथे आई गुडघ्यापर्यंत आत गेली आणि पहार मारली. पाण्यातून आवाज आला नाही, पण तिच्या हाताला कळलं. ती हसली. आईचे पुढचे दोन दात नाहीत, ती तोंड मिटून हसते. या वेळी मिटलं नाही.

अण्णांना आणून दाखवलं. त्यांनी पाय आपटून बघितला. मग पुन्हा आपटला.

"मग काल का नाही बोललीस?"

"काल तुम्ही विचारत होतात का? काल तुम्ही ओरडत होतात."

अडचण एकच होती. होडी चाळीस पावलं खाली येऊन गाळात बसलेली. रस्त्यावर न्यायची तर आधी तिला उलटी, चढावर मागे ओढायची, मग कोरड्यातून आडवी दोनशे पावलं, मग खाली. अण्णा होडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. जी होडी ढकलणंसुद्धा कमीपणाचं, ती आता मागे ओढायची होती, तेही गावादेखत. मला वाटलं नाही म्हणतील.

त्यांनी सदरा काढला, घडी घालून वहिनीच्या हातात दिला. दोरखंडाचा फास केला आणि बैलासारखा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"बघताय काय?" भट्टीवाल्यांना म्हणाले. "बैल एकटा ओढणार काय?"

शनिवार त्यातच गेला. फळ्या खाली सारायच्या, पहारीने उचकायची, हातभर सरकवायची. गाळ होडीचं पोट सोडताना असा आवाज करायचा की वेल्डर दर वेळी "माफ करा" म्हणायचा. दुपारी तिने चिखल सोडला. कोरड्यात आली तेव्हा माझ्या तळहातांची साल दोराला चिकटून गेली होती. वहिनीने फडकं फाडून बांधलं आणि म्हणाली, "रडू नका, अजून अर्धंच झालंय."

"रडत नाहीये."

"मग नाकातून घाम येतोय वाटतं."

अंधार पडायच्या आत होडी आडवी नेऊन रस्त्याच्या तोंडाशी उभी केली. त्या ओढाओढीत अण्णांच्या कमरेत काहीतरी निसटलं. आवाज मी ऐकला. ते म्हणाले, दोर वाजला.

रविवारी आम्ही आधी फावड्यांनी रस्ता मोकळा केला. वरचा गाळ बाजूला ओढला तशी खडी दिसायला लागली, चाकोऱ्यांसकट. ओंडके मांडले. आई पुढे पहार घेऊन, आम्ही मागे. आता आवाजच वेगळा. गाळात ओंडका मुका होतो, खडीवर तो बोलतो. गडगड, गडगड. होडीला जोर लावायचा नव्हता, आवरायची होती. मागे दोर धरून सहा माणसं टाचा रोवून उभी.

अर्ध्यावर आई थांबली. "इथे उजवीकडे वळा."

"समोर पाणी दिसतंय," अण्णा म्हणाले. "सरळ गेलं तर शंभर पावलं वाचतात."

"सरळ नाला आहे. मोरीवरून वळसा आहे."

"कुठे आहे नाला? सपाट तर दिसतंय."

शुक्रवारीही सपाटच दिसत होतं. सगळ्यांना ते आठवलं. अण्णांनाही आठवलं. ते मान वळवून आमच्यावर खेकसले, "ऐकू येत नाही का? उजवीकडे म्हणाली ना ती!"

वळताना दोन माणसांचे पाय कडेवरून घसरले आणि कमरेपर्यंत गेले. नाला होता.

चार वाजता होडीचं नाक पाण्याला लागलं. ओंडक्यांवरून ती तशीच पुढे चालत गेली, रस्ता पाण्याखाली होता पण होता. पाणी माझ्या गुडघ्याला, मांडीला, कमरेला. मग खालचा एक ओंडका सुटला आणि वर येऊन तरंगायला लागला. मग दुसरा. आणि माझ्या खांद्यावरचं वजन गेलं. असं एकदम गेलं की मी तोंडावर पाण्यात आपटलो. वर आलो तर होडी माझ्यापासून चार हात लांब होती आणि डुलत होती.

मी जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळेच ओरडले. वेल्डरने वहिनीच्या अंगावर पाणी उडवलं, वहिनीने त्याला धरून बुडवलं. आई पाण्यात उभी राहून पहार दोन्ही हातांनी डोक्यावर धरून नाचत होती. माझी आई. नाचत होती.

तेवढ्यात होडीत पाणी भरायला लागलं. दहा ठिकाणांहून, कारंजी. मी हातांनीच पाणी उपसायला लागलो. अण्णा मात्र शांत.

"पिऊ दे," म्हणाले. "तहानलेली आहे. पिऊन फुगेल, फुगली की सांधे मिटतील. खोल पाण्यात बांधा, नाहीतर सकाळी कोरड्यात सापडेल."

दोन मोठे दगड बांधून तिला छातीभर पाण्यात सोडली. सोमवारी सकाळी ती काठोकाठ भरून बसलेली होती. मी आणि वहिनीने डब्यांनी उपसायला सुरुवात केली. डबे मोजायचे सोडून दिले. पाणी घोट्यावर आलं, मग तळाच्या फळ्या दिसल्या. आम्ही हात थांबवून वाट बघितली. शुक्रवारी जिथून वहिनीचं बोट बाहेर आलं होतं तिथे मी गाल लावून बघितलं. सांधा मिटला होता. नखही जात नव्हतं.

साडेअकराला मोटारवाला आला, मागे फायबरची होडी. तो सरळ कार्यालयाच्या सिमेंटच्या उतारावर गेला. हा उतार कार्यालयाने खास मोटारहोड्या पाण्यात उतरवायला केलेला. पण तो भरलेल्या पाण्यासाठी केलेला. आता त्याचं शेवटचं टोक पुरुषभर हवेत होतं आणि खाली सगळा गाळ. मोटारवाला टोकावर उभा राहून खाली बघत होता. मग गाडी वळवून आमच्याकडे आला.

"अण्णा, तुमच्या रस्त्याने घालू का?"

"माझा नाही," अण्णा म्हणाले. "हिचा आहे. हिला विचार."

मोटारवाल्याने आईकडे बघितलं. "काकू?"

"घाल की," आई म्हणाली. "बाराच्या नंतर."

तपासणीचा साहेब आला. जीप वर ठेवून, बूट हातात घेऊन, काठ्यांच्या मधून चालत खाली आला. होडीभोवती एक चक्कर मारली, कमरेएवढ्या पाण्यात, पँट भिजवून. मला तो आवडला.

"माणसं?"

भट्टीवरची आठ, वेल्डर, आई, वल्ह्यावर मी आणि वहिनी. अण्णांना उभंच राहता येत नव्हतं, कंबर धरून काठावर बसले होते.

"वल्हेकरी धरत नाहीत," साहेब म्हणाला. "दहा झाले. बारा हवेत. आणि वल्ह्यावर या बाई?"

"साहेब," वहिनी म्हणाली, "वल्ह्याला मिशा लागत नाहीत."

साहेब हसला नाही, पण वहीत काही लिहिलंही नाही. अण्णांना आम्ही चौघांनी उचलून आत ठेवलं. अकरा. साहेब तपासणारा, त्याला धरत नाहीत. बाराला दहा मिनिटं. आजूबाजूला दुसरं कुणी नाही, सगळ्यांची नजर एकाच माणसावर गेली.

"मी कशाला येऊ?" मोटारवाला म्हणाला.

"ये रे," वेल्डर म्हणाला. "वजनदार माणूस आहेस."

"मी अर्जदार आहे!"

"मोठा माणूस आहात ना?" साहेबाने घड्याळ बघितलं. "मग मला चालाल."

आई एवढंच म्हणाली, "बाराच्या नंतर गाडी घालायचीय ना रे तुला?"

तो चढला. पँट दुमडून, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. आणि आम्ही निघालो.

मी लहानपणापासून वल्हं मारतोय, पण असं कधीच नाही. हाताला फडकी बांधलेली, त्यातून पाणी झिरपत होतं, झोंबत असेल, मला कळलं नाही. वहिनी आणि मी एकाच वेळी वाकायचो, एकाच वेळी मागे यायचो. होडी जड होती, भरलेली होती, आणि तरी चाकूसारखी जात होती. मध्यावर वारा लागला. साहेबाने वाकून तळाच्या फळ्यांवर बोट फिरवलं, बोट बघितलं, मग पुन्हा दुसरीकडे फिरवलं.

"कोरडं आहे," तो म्हणाला. तसं स्वतःशीच.

भट्टीवाल्यांनी असा आरडाओरडा केला की होडी कलली. मोटारवाल्याने आईचा दंड धरला. आईने धरू दिला.

पलीकडच्या काठावर माणसं उभी होती. आधी चार दिसली, मग वीस, मग काठभर. सायकली, पोती, दोन शेळ्या. एक वर्ष टेम्पोत हाडं मोडून घेतलेली सगळी. आम्ही टेकायच्या आधीच लोक पाण्यात शिरले. साहेब खाली उतरला, परतीची खेप बघायच्या आधीच मांडीवर वही ठेवून सही केली, तीन वर्षांचा परवाना, आणि कागद माझ्याकडे देत म्हणाला, "आता मला लवकर परत न्या. जीप तिकडे आहे."

पण लवकर कसलं. माणसं चढत होती. मी ओरडत होतो, बारा, फक्त बारा, भट्टीवाल्यांनो उतरा, तुम्ही पुढच्या खेपेला. ते हसत उतरले. अण्णांना मात्र उतरवायला कुणी तयार नव्हतं, कंबरच तशी. चाळीस वर्षं हा माणूस होडीत उभा राहिला होता. आज पहिल्यांदा तो उतारूंच्या मध्ये बसला होता, दोन्ही बाजूंनी बायका, आणि एका म्हातारीने न विचारता तिची कोंबड्यांची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवून दिली.

"धरा हो जरा," ती म्हणाली. "नवीन होडी आहे, ही पोरं कशी चालवतात कुणास ठाऊक."

"माझी होडी आहे ही, आजी," अण्णा म्हणाले.

"असेल, असेल. टोपली सरळ धरा."

आम्ही काठ सोडला. कोंबड्या फडफडल्या, अण्णांच्या दाढीत एक पीस अडकलं. दोन्ही हात टोपलीत गुंतलेले असल्याने त्यांना ते काढताही येईना. आणि त्या पिसासकट ते भर पाण्यात गळा फाडून ओरडत होते, "डावीकडे घे! अरे डावीकडे! वहिनीकडे बघ, ती कशी मारतेय बघ!"

मी बघितलं. ती हसत होती. मी डावीकडे घेतलं.